वाक्य कशासाठी आले आहे? : ‘कास्ट्स इन इंडिया’चे एक वाचन

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दोन विधाने गेली काही वर्षे व्याख्यानांतून, जयंतीच्या फलकांवरून आणि मोबाइलवरच्या निरोपांतून फिरताना दिसतात. पहिल्याचा आशय असा, की संस्कृतीच्या एकतेत हिंदुस्थानची बरोबरी करील असा दुसरा देश नाही. दुसऱ्याचा असा, की जातीचा कायदा मनूने दिला नाही आणि ब्राह्मणांनी जातिव्यवस्था निर्माण केली हे म्हणणे चूक आहे. ऐकणारा बुचकळ्यात पडतो. हे खुद्द बाबासाहेब म्हणाले? मग १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली ती कशासाठी? त्यावर एक जण सांगतो की विधाने बनावट आहेत. दुसरा म्हणतो, असतील खरी, पण उमेदवारीच्या काळातली आहेत, पुढे त्यांचे मत बदलले. तिसरा काही बोलत नाही, विधाने वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या सभेत वापरतो.

विधाने बनावट नाहीत. दोन्ही एकाच निबंधातली आहेत. कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी आंबेडकरांनी तो वाचला आणि ‘इंडियन अँटिक्वरी’च्या मे १९१७ च्या अंकात तो छापून आला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस. ‘कास्ट्स इन इंडिया’ हे त्याचे नाव. जातीची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा विषय. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून काढलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या मालेत पहिल्याच खंडात पहिलाच हा निबंध आहे, जेमतेम वीस पानांचा. म्हणजे ज्याला विधान तपासायचे आहे त्याला फार लांब जावे लागत नाही. तरी घोटाळा टिकून आहे, कारण तो शब्दांचा नाही. शब्द बरोबर उतरवलेले असतात. त्या शब्दांना निबंधात जे काम दिलेले होते, ते बाहेर काढताना बदलून जाते.

या लेखात मी निबंधातली अवतरणे देणार नाही, आशय माझ्या शब्दांत सांगेन. अवतरणांनीच हा गोंधळ केला आहे, त्यात आणखी भर नको.

युक्तिवादातले प्रत्येक वाक्य कोणत्या कामावर आहे हे ठरवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मीमांसकांनी वेदवाक्यांची छाननी केली ती याच प्रश्नाने. हे वाक्य काही करायला सांगते, की जे करायला सांगितले आहे त्याची नुसती स्तुती करते? पहिले विधी, दुसरा अर्थवाद. अर्थवादाला विधी समजून वागणारा माणूस भलतेच काही करून बसेल, हे त्यांना ठाऊक होते. पूर्वपक्ष आणि सिद्धान्त हा भेद तर शास्त्रग्रंथ वाचणाऱ्याचे पहिले पाऊल. ग्रंथात शंभर वाक्ये असतात त्यातली चाळीस प्रतिपक्षाची असतात, आणि ती ग्रंथकाराने स्वतःच्या हाताने, प्रतिपक्षाला लाज वाटणार नाही इतक्या नेटाने लिहिलेली असतात. त्यातले एखादे उचलून ‘ग्रंथकार असे म्हणतो’ म्हणणे म्हणजे न्यायालयातल्या निकालपत्रातला हरलेल्या पक्षाचा मुद्दा निकाल म्हणून वाचून दाखवणे. आधुनिक मराठी वाचकाला या रीतीची आठवण लोकमान्य टिळकांनी करून दिली. ‘गीतारहस्या’च्या आरंभीच ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याच्या मीमांसकांच्या कसोट्या त्यांनी मांडल्या आहेत : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. ‘गीतारहस्य’ १९१५ साली निघाले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आंबेडकरांचा निबंध वाचला गेला. दोन ग्रंथकारांची दिशा वेगळी, पण एकाची कसोटी दुसऱ्याच्या ग्रंथाला लावून पाहायला काही हरकत नाही. कसोटीला पक्ष नसतो.

आणखी एक साधन आपल्या भाषेतच आहे, आणि अडचणही तिथेच आहे. मराठीत ‘कारण’ हा एक शब्द तीन कामे करतो. ‘अंगण ओले आहे, कारण रात्री पाऊस पडला.’ इथे पावसाने अंगण ओले केले. ‘रात्री पाऊस पडला असावा, कारण अंगण ओले आहे.’ इथे ओल्या अंगणाने पाऊस पाडलेला नाही, पाऊस पडल्याची खबर दिली आहे. ‘पाऊस पडला ते बरे झाले, कारण विहिरी आटल्या होत्या.’ इथे कारणाने पाऊसही पाडला नाही आणि पावसाची खबरही दिली नाही, पाऊस चांगला का ते सांगितले. पहिल्या दोहोंना जुन्या परिभाषेत कारकहेतू आणि ज्ञापकहेतू अशी नावे आहेत. तिसऱ्याला समर्थन म्हणू. घडवणारे, कळवणारे आणि भलामण करणारे, अशी ही तीन कारणे. व्याकरण तिघांना एकच कपडे घालते, म्हणून ओळखण्याचे काम वाचकावर पडते. ‘कास्ट्स इन इंडिया’ वाचताना हा भेद मनात असला की निबंध निम्मा उलगडतो. कारण आंबेडकर पानोपान हेच करत आहेत. पूर्वसूरींचे प्रत्येक विधान हातात घेऊन ते विचारतात, हे घडवणारे कारण आहे का? की नुसते वर्णन? की भलामण?

सुरुवातीच्या व्याख्याच पाहा. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर अशा चौघांच्या व्याख्या ते तपासतात. विटाळाची कल्पना हे सेनारने दाखवलेले लक्षण, पण ते जातीला धर्माचा रंग चढल्यामुळे आलेले; जातीचे म्हणून ते लक्षण नव्हे. जातीबाहेर न जेवणे हे नेसफील्डचे लक्षण. इथे परिणाम कारणाच्या जागी बसवला आहे. गट आधीच मिटलेला आहे म्हणून पंगत मिटलेली आहे. केतकरांबद्दल आंबेडकरांना आदर दिसतो. त्यांचे ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ १९०९ साली आलेले, लेखक इथलाच, आणि जात एकटी न पाहता जातींच्या व्यवस्थेत पाहणारा. केतकर दोन लक्षणे देतात : जातीत जन्मलेल्यांनाच सभासदत्व, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर म्हणतात, ही दोन नव्हेत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लग्न बाहेर होऊ दिले नाही की बाहेरचा जन्म आत येतच नाही. दोन विधाने दिसली तरी काम एकच, म्हणून त्यातले एक कमी करता येते. असे एकेक कमी करत ते एकाच लक्षणाशी येऊन थांबतात, ते म्हणजे जातीअंतर्गत विवाहाची सक्ती.

आता फिरत्या विधानांकडे येऊ.

पहिले, सांस्कृतिक एकतेचे. निबंधात ते अगदी आरंभी येते. हिंदुस्थानातली माणसे अनेक वंशांची, वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत हे सांगून झाल्यावर आंबेडकर म्हणतात, वंशाने कुठलाच समाज एकजिनसी नसतो, एकजिनसीपणा येतो तो संस्कृतीने, आणि त्या बाबतीत हा देश अजोड आहे. अवतरण इथे संपते. निबंधातले पुढचे वाक्य ‘पण’ने सुरू होते. या एकजिनसीपणामुळेच तर जात हा समजावून सांगायला इतका अवघड प्रश्न होऊन बसतो, असा त्याचा आशय. हिंदू समाज मुळातच तुटक गटांची मोळी असता तर प्रश्न सोपा होता. मोळीतल्या काटक्या वेगळ्या का, असे कोणी विचारत नाही. पण अखंड लाकडाच्या चिरफळ्या झालेल्या दिसल्या की कुऱ्हाड कोणाची, हे विचारावे लागते.

वाक्याचे काम ओळखण्याची माझी एक साधी रीत आहे. वाक्यावर अंगठा ठेवायचा आणि बाकीचे वाचायचे. काय कोसळते ते पाहायचे. एकतेच्या वाक्यावर अंगठा ठेवला तर निबंधाचा प्रश्नच नाहीसा होतो. म्हणजे ते वाक्य प्रश्न उभा करण्याच्या कामावर आहे. फलकावर ते उत्तर म्हणून लावलेले असते. आणि गंमत अशी, की ज्या अभिमानासाठी ते लावले जाते, त्या अभिमानाला सगळ्यात अवघड पडेल अशीच त्याची निबंधातली भूमिका आहे. एकता जितकी जास्त मानाल तितकी चिरफळ्यांची जबाबदारी वाढते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. निबंधाच्या शेवटी आंबेडकर आपल्या विवेचनाचे चार मुद्दे सांगतात, आणि त्यांतला पहिला मुद्दा ही एकताच आहे. उपसंहारात आलेले विधान तात्पर्याचे मानावे अशी कसोटी आपणच वर सांगितली. मग? उत्तर त्या चार मुद्द्यांच्या क्रमात आहे. लोकसंख्या मिश्र असूनही खोलवर सांस्कृतिक एकता आहे. जात म्हणजे त्या मोठ्या सांस्कृतिक घटकाचे तुकडे. आरंभी एकच जात होती. आणि अनुकरण व बहिष्कार यांच्या वाटेने वर्गांच्या जाती झाल्या. या चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी जिन्याचा भाग आहे यात शंका नाही, पण पहिल्या पायरीवर उभे राहून माडी आली असे कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या विधानाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिथे दोन्ही बाजू चुकतात.

जात कशी पसरली याची प्रचलित उत्तरे आंबेडकर एकेक करून बाजूला सारतात. त्यातले एक उत्तर असे, की कोणा थोर स्मृतिकाराने ती हुकमाने दिली. त्यावर ते म्हणतात, मनूने जातीचा कायदा दिला नाही आणि त्याला देताही आला नसता. जात त्याच्या आधीपासून होती. त्याने ती उचलून धरली, तिचे तत्त्वज्ञान केले, असलेले नियम संहितेत बसवले. इतके प्रचंड काम एका माणसाच्या किंवा एका वर्गाच्या हिकमतीने होणारे नव्हे. ब्राह्मणांनी जात निर्माण केली हे उत्तर ते याच माळेत ओवतात. ते नुसते चूक म्हणून थांबत नाहीत, त्यामागचा हेतूही वाईट आहे असे म्हणतात. आणि लगेच जोडतात, की ब्राह्मण पुष्कळ गोष्टींचे दोषी असतील, किंबहुना आहेतच. पण ब्राह्मणेतरांवर जातिव्यवस्था लादणे त्यांच्या कुवतीबाहेरचे होते.

या उताऱ्यातले क्रियापद धरून ठेवले पाहिजे. नाकारले आहे ते ‘लादणे’. ‘सुरू करणे’ नाकारलेले नाही. थोड्याच पानांनंतर आंबेडकर स्वतःला विचारतात, हे उपविभाग मिटून का बसले? उत्तर एका ओळीचे आहे : कारण ब्राह्मण मिटून बसले होते म्हणून. दार लावून घेण्याची ही चाल ब्राह्मण वर्गात सुरू झाली, तो वर्ग प्रतिष्ठित होता, म्हणून इतरांनी ती मनापासून उचलली. काहींनी दार लावून घेतले आणि काहींना दार आपल्या तोंडावर लागलेले आढळले. एका गटाने आत लग्न करायचे ठरवले की बाहेर उरलेल्यांना तसेच करणे भाग पडते. एकटी जात असूच शकत नाही, जाती नेहमी अनेकवचनीच असतात, हे त्यांचे निरीक्षण इथून निघते.

म्हणजे मनूबद्दलचे विधान हे पूर्वपक्षाचे खंडन आहे. ते जागा मोकळी करते. मोकळ्या जागेवर जे बांधायचे आहे ते पुढे येते : आरंभ ब्राह्मणांपासून, प्रसार अनुकरणाने आणि बहिष्काराने. अनुकरणाच्या नियमांसाठी ते गॅब्रिएल तार्द आणि वॉल्टर बॅजट यांचा आधार घेतात. खंडन उचलून मंडन मागे ठेवले, की पाडलेल्या भिंतीचे छायाचित्र घराचे म्हणून दाखवल्यासारखे होते. ब्राह्मणांची सुटका आंबेडकरांनी केली असे म्हणणारा निबंध मधेच मिटतो. आणि ज्यांना हे विधान अडचणीचे वाटते, त्यांनीही ते ‘तरुणपणीचे मत’ म्हणून झाकू नये. ते झाकले तर लादण्याचा सिद्धान्त मागल्या दाराने परत येतो. लादलेली गोष्ट लादणारा हटला की सुटते. अनुकरणाने अंगी मुरलेली गोष्ट मूळ चालवणारा नाहीसा झाला तरी सुटत नाही. निबंधातली भीतिदायक गोष्ट ही आहे, आणि ती मनूला दोष देण्यापेक्षा कितीतरी गैरसोयीची आहे. प्रत्येक जातीला आपल्या खालच्या जातीच्या तोंडावर लावलेल्या दाराचा जाब तीत आहे.

याच भागात आंबेडकर आपला हेतू उघड सांगतात. धार्मिक मान्यतेला शास्त्रीय स्पष्टीकरणाच्या आसनावर बसवणारी वृत्ती त्यांना खोटी ठरवायची आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर भलामण करणारे कारण उठवून तिथे घडवणारे कारण बसवायचे आहे. मनूविषयीचा सगळा उतारा या एका कामासाठी आहे.

आणि आता निबंधाचा तो भाग, ज्यातले एकही वाक्य मला कुठल्या फलकावर दिसलेले नाही. वाक्यांवर अंगठा ठेवून पाहण्याचा खेळ इमानाने खेळला, तर सगळा भार ज्यावर आहे तो खांब हाच निघतो.

जात म्हणजे अंतर्विवाहाची सक्ती, हे व्याख्यांच्या छाननीतून निघाले. हिंदू समाजात गोत्र-प्रवरामुळे बहिर्विवाहाचा नियम आधीपासून आहे. त्या नियमावर अंतर्विवाह चढवला की जात तयार होते. मग आंबेडकर एक कल्पना करायला सांगतात. समजा, एखाद्या गटाला जात व्हायचे आहे. त्याला काय काय करावे लागेल? गटात स्त्री-पुरुषांची संख्या साधारण सारखी आहे. नवरा-बायको एकाच वेळी मरत नाहीत. नवरा आधी मेला तर एक स्त्री ‘जास्तीची’ उरते. बायको आधी गेली तर एक पुरुष. ही जास्तीची स्त्री गटात राहिली आणि गटाबाहेर तिने लग्न केले तर भिंत फुटली. गटातच केले तर दुसऱ्या कुणा मुलीचा नवरा गेला, आणि तीही मग बाहेर पाहणार. म्हणजे जात टिकवण्याचा प्रश्न शेवटी या हिशेबाशी येतो : उरलेल्यांचे काय करायचे?

स्त्रीच्या बाबतीत दोन वाटा. मेलेल्या नवऱ्याबरोबर जाळणे, किंवा सक्तीचे वैधव्य. जाळल्याने हिशेब चोख मिटतो, पण ते नेहमी जमण्यासारखे नाही. वैधव्य जमते, पण त्यात धोका राहतो, म्हणून त्या स्त्रीला अशा अवस्थेत आणून ठेवायचे की ती कुणाच्या नजरेत भरू नये. पुरुषाच्या बाबतीत हिशेब तोच, पण तोडगा निराळा. कारण नियम करणारा तोच आहे. त्याला जाळता येत नाही, गटाला तो हवा आहे. ब्रह्मचर्य किंवा संन्यास थोडे घेतील. उरलेल्याला लग्न तर करून द्यायचे, पण बरोबरीच्या मुलींचा हिशेब बिघडता कामा नये. म्हणून त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या तीन रूढी एका गणिताची तीन उत्तरे होतात.

या कल्पित गटाचे युक्तिवादातले काम काय? तो पुरावा नव्हे, आणि आंबेडकर तसे म्हणतही नाहीत. पंचावयवी अनुमानातल्या दृष्टान्ताची जागाही त्याला देता येत नाही, कारण दृष्टान्त घडलेला लागतो. तो एक साचा आहे. प्रथम साचा तयार केला, मग हिंदू समाज त्यात बसतो का पाहिले. बसतो. ज्या तीन रूढी या समाजाला इतरांपासून वेगळ्या करतात, त्या तीनच साच्यातून निघतात. इथे आंबेडकर सांगतात, की या रूढींचा गौरव का झाला हे सांगणारे तत्त्वज्ञान भरपूर आहे. त्या निघाल्या का, हे कोणी सांगत नाही. सतीच्या समर्थनासाठी ते आनंद कुमारस्वामींचे उदाहरण घेतात. पातिव्रत्याची थोरवी, प्रेमाची पराकाष्ठा, सगळे वाचून झाल्यावर त्यांचा निष्कर्ष उलटा येतो. गौरव होता म्हणून रूढी पाळल्या गेल्या असे नाही. पाळल्या जात होत्या म्हणून त्यांचा गौरव करावा लागला. इतक्या कडू गोळ्या साखरेत घोळवल्याशिवाय गिळवत नाहीत. मीमांसकांचा अर्थवाद इथे एका कोलंबियातल्या विद्यार्थ्याने समाजशास्त्रात ओळखून काढला आहे, मग तो त्याला त्या नावाने ठाऊक असो वा नसो.

या खांबावर अंगठा ठेवून पाहा. एकतेचा प्रश्न उरतो, मनूचे खंडन उरते, अनुकरणाचा सिद्धान्तही उरतो. पण अनुकरण कशाचे, ते उरत नाही. जातीला टिकायला काय लागते हे कळेनासे होते. आणि ज्या वाचकाने फलकावरची दोन वाक्येच वाचली आहेत, मग तो कुठल्याही बाजूचा असो, त्याला आंबेडकरांच्या जातविचाराच्या मध्यभागी एक विधवा आणि एक आठ-दहा वर्षांची मुलगी उभी आहे हे कधी कळतच नाही. वाद दोन पुरुषांत चालतो, मनू दोषी की ब्राह्मण निर्दोष.

निबंधात कच्चा सांधा नाही असे मात्र नाही. आरंभ ब्राह्मण वर्गापासून, हे आंबेडकर कशावरून म्हणतात? या तीन रूढी पूर्ण कडकपणे तिथेच दिसतात. इतरांत त्या कमी-अधिक आणि उसन्या दिसतात. जे गट ब्राह्मणांच्या सर्वात जवळ, त्यांच्यात तिन्ही; थोड्या दुरच्यांत वैधव्य आणि बालविवाह; आणखी दुरच्यांत नुसता बालविवाह; सर्वांत दूर असलेल्यांत फक्त जातीचे तत्त्व. ही उतरंड मोठी बोलकी आहे. पण ती ज्ञापकहेतू आहे, कळवणारे कारण. ओल्या अंगणावरून पाऊस ओळखावा तसे. अंगण सडा घातल्यानेही ओले होते. कडकपणा हे आरंभाचे चिन्ह असेल, तसे ते नंतर प्रतिष्ठा राखण्यासाठी चढवलेले पुटही असू शकेल. आंबेडकर याला प्राचीन संस्कृतींतल्या पुरोहितवर्गाच्या वर्चस्वाची जोड देतात, त्याने अनुमानाला बळ येते, सिद्धी येत नाही. ब्राह्मण वर्गाने मुळात दार का लावून घेतले, हा प्रश्न तर ते उघडपणे पुढच्या कधीच्या प्रसंगासाठी ठेवून देतात. त्यांनी रिकामी सोडलेली जागा भक्तीने बुजवणे योग्य नाही. निबंधाच्या शेवटी आपले मत ते अंतिम मानत नाहीत, चूक दाखवल्यास सोडायची तयारी सांगतात, आणि शास्त्राच्या प्रांतातून भावनेला हद्दपार करायला सांगतात. अशा वाक्यांना आपण विनयाची म्हणून वगळतो. पण त्यांचेही काम आहे : आधीच्या सगळ्या विधानांचा दर्जा ती ठरवतात. हा सिद्धान्त म्हणून मांडलेला तर्क आहे, निवाडा नाही.

आता ‘मत बदलले’ म्हणणाऱ्यांकडे वळायला हवे. त्यांचे म्हणणे असे. १९१६ साली आंबेडकर म्हणतात, धर्मोपदेशाने जात निर्माण झाली नाही आणि त्याने ती मोडणारही नाही. १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये, म्हणजे लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात, ते म्हणतात की हिंदू माणूस जात पाळतो तो दुष्ट म्हणून नव्हे तर धार्मिक म्हणून, शत्रू आहे तो शास्त्रांवरचा विश्वास, तो मोडा. विसंगती दिसते खरी. पण दोन विधानांना एकमेकांवर आपटण्याआधी दोघांना आपापला प्रश्न परत देऊ. १९१६ चा प्रश्न : जात झाली कशी? १९३६ चा प्रश्न : जात मोडायची कशी? जात घडवणारे कारण आणि जात आज टिकवून धरणारे कारण एकच असले पाहिजे असा काही नियम नाही. विहीर खणणारे हात आणि तिच्यात पाणी राखणारे झरे वेगळे असतात. आणि दोहोंमधला दुवा १९१६ च्या निबंधातच आहे, शेवटाजवळ, सहसा कोणी न वाचलेल्या एका वाक्यात. जात श्रद्धेवर उभी आहे हे खरे. पण श्रद्धा एखाद्या संस्थेचा पाया होण्याआधी ती संस्था चालू राहावी लागते, पक्की व्हावी लागते, असा त्याचा आशय आहे. आधी संस्था, मग श्रद्धा, मग श्रद्धेवर संस्था. १९१६ चा निबंध या साखळीच्या पहिल्या कडीवर काम करतो, १९३६ चे भाषण तिसऱ्या कडीवर.

सगळी विसंगती याने मिटते असे मला वाटत नाही. उपदेशाने जात मोडणार नाही म्हणणारा तरुण आणि श्रद्धेवर घाव घाला म्हणणारा प्रौढ नेता यांच्यात वीस वर्षांचा अनुभव आहे, त्यात महाड आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह आहे. तो पुसून टाकू नये. पण ‘मत बदलले’ हे म्हणणे ज्या एका गोष्टीने ढिले पडते ती अशी, की १९३६ च्या भाषणातला उपाय १९१६ च्या निष्कर्षातून सरळ निघतो. खरा उपाय कोणता, तर आंतरजातीय विवाह. सहभोजन पुरणार नाही. का? कारण पंगत हा परिणाम आहे आणि अंतर्विवाह हे जातीचे मूळ. नेसफील्डला दिलेले उत्तर वीस वर्षांनी लाहोरच्या सुधारकांना दिले गेले. १९१६ मध्ये जे विधान छाननीच्या शेवटी निष्कर्ष म्हणून आले, ते १९३६ मध्ये आरंभी आधार म्हणून आले. एकाच विधानाची बढती झाली म्हणा, किंवा बदली.

अशा बदलीत विधान एकटेच जाते, त्याचे आधार जुन्या गावी राहतात. १९३६ च्या भाषणात अंतर्विवाह मोडा असे आहे. पण जास्तीच्या स्त्रीचा हिशेब तिथे नाही, बालवधू नाही, विधवेच्या रूपावर आणलेली बंदी नाही. त्या भाषणाचे वाचक १९१६ च्या वाचकांपेक्षा अनेक पटींनी जास्त, त्यामुळे आंबेडकरांचा जातविचार बहुतेकांना शास्त्र आणि श्रद्धा या बाजूनेच माहीत झाला. हे आंबेडकरांच्या लक्षात आले नव्हते असे नाही. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या तिसऱ्या आवृत्तीची १९४४ ची प्रस्तावना काढून पाहा. दोन्ही निबंध एकत्र विणून नव्याने लिहायचा त्यांचा विचार होता, ‘इंडियन अँटिक्वरी’तला तो जुना निबंध त्यांनी त्यासाठी नाव घेऊन सांगितला आहे. वेळ मिळाला नाही, म्हणून भाषण होते तसेच छापले.